मुळ्ये वैद्यांचे फणसआळंबे : एक दुरुस्ती

आमच्या प्रयोगशाळेला पन्नास वर्षे पूर्ण झाली म्हणून गुळगुळीत कागदावर जी स्मरणिका काढण्यात आली, तिच्यात एक वाक्य छापले आहे : ‘परदेशातून आणलेल्या अत्याधुनिक यंत्राच्या साहाय्याने श्री. बापट यांनी मधुमेहावर बनावट औषध विकणाऱ्या एका भोंदू वैद्याला पकडले.’ वाक्य लहान आहे आणि त्यात तीन चुका आहेत. यंत्राने काही पकडले नाही. बापटांनी काही पकडले नाही. आणि तो वैद्य भोंदू नव्हता.

बापट म्हणजे मीच. त्यामुळे या विषयात मला काही माहिती असावी, असे मानायला हरकत नाही. मी विद्यमान संचालकांना दूरध्वनी केला. ज्या काळाचा इतिहास त्यांनी लिहिला, त्या काळी ते महाविद्यालयात होते.

“सर, पण त्यात तुमची स्तुतीच आहे की,” ते म्हणाले. “हरकत कशाला?”

“स्तुतीलाच हरकत आहे.”

“बरं, पुढच्या आवृत्तीत बघू.”

स्मरणिकेची पुढची आवृत्ती पन्नास वर्षांनी निघते. तोवर थांबण्याची माझी तयारी आहे, प्रकृतीची नाही. म्हणून हे लिहिणे.

आमचा धंदा बाहेरच्या माणसाला नीट कळत नाही, तो आधी सांगतो. लोक आमच्याकडे पुडी आणून विचारत, “साहेब, याने साखर उतरते का?” साखर उतरते की नाही हे ठरवणे डॉक्टरांचे आणि रुग्णालयांचे काम. आम्ही सांगतो ते एवढेच, की पुडीवर जे लिहिले आहे ते पुडीत आहे का, आणि जे लिहिलेले नाही ते नाही ना. या दोन प्रश्नांतला दुसरा अधिक अवघड आहे. ते समजायला मला नोकरीची वीस वर्षे लागली आणि त्याची हकीकत पुढे येणार आहे.

बाजार खुला झाला आणि पुण्यात दोन गोष्टी एकदम वाढल्या : संगणकासमोर बसणारी माणसे आणि त्यांची रक्तातली साखर. मांजरी गावच्या ऊससंशोधन संस्थेत शास्त्रज्ञ उसातली साखर वाढवण्यासाठी झटत होते आणि गावाच्या या टोकाला आम्ही साखर उतरवण्याच्या पुड्या तपासत होतो. कारल्याची भुकटी, जांभळाच्या बिया, मेथी, गुळवेल, आणि बिबळ्याच्या लाकडाचे पेले, ज्यांत रात्रभर ठेवलेले पाणी सकाळी निळसर झाक मारते. एक गृहस्थ तांबड्या चिनी आळंब्याची कॉफी घेऊन आले होते. ती त्यांना त्यांच्या साडूने विकली होती आणि ते ती आणखी पाच जणांना विकणार होते.

“साहेब, दाखल्यात फक्त ‘सर्व रोगांवर’ एवढं घाला,” ते म्हणाले.

“यात कॉफी आहे, दुधाची भुकटी आहे आणि आळंबे नावापुरते आहे. एवढे घालतो.”

“म्हणजे आळंबं आहे ना? मग झालं की!”

या सगळ्यांत माझा आवडता नमुना बेडकीच्या, म्हणजे गुडमारच्या, पाल्याचा. त्याची तपासणी जिभेने होते. पान मिनिटभर चघळायचे आणि चूळ भरून जिभेवर साखर ठेवायची. पाला खरा असेल तर साखर वाळूसारखी लागते. गोडी अर्धा-पाऊण तास परत येत नाही. आमच्याकडे ही परीक्षा अधिकृत नव्हती, पण मी ती प्रत्येक नमुन्यावर करत असे. घरी जाऊन चहाचा पहिला घोट घेतला की मी म्हणे, “साखर विसरलीस,” आणि आमची ही न वळता म्हणे, “अहो, आज पुन्हा पाला चघळलात.”

हे सांगितले अशासाठी, की शरीराच्या पाच इंद्रियांनी तपासणी करणाऱ्या पिढीतला मी माणूस. मग ते यंत्र आले.

स्मरणिकेत त्या यंत्राचा पानभर फोटो आहे, माझा अर्ध्या पानाचा. प्रमाण योग्यच आहे. द्रवात विरघळलेल्या पदार्थातले घटक एकामागून एक वेगळे काढून ते आलेखावर शिखरांच्या रूपाने दाखवणारे ते यंत्र. पूर्वी ते आणायचे तर परवान्यांसाठी खेटे घालताना उमेदवार निवृत्त होत असे. नव्या धोरणात ते चार महिन्यांत दारात आले. आम्ही नारळ फोडला, पेढे वाटले. यंत्राला वातानुकूलित खोली मिळाली. माणसांचा पंखा पूर्वीसारखाच खडखडत राहिला. मी त्या यंत्राच्या प्रेमात पडलो, हे कबूल करतो. ते फार हुशार होते. पण त्या हुशारीला एक मर्यादा होती : ते विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देई. ‘यात अमुक आहे का?’ असे विचारायचे, तर त्या अमुकाचा शुद्ध नमुना आधी त्याला दाखवावा लागे. ‘यात नको ते काय आहे?’ हा प्रश्न त्याला कळत नसे.

तो प्रश्न कळणारी व्यक्ती शेजारच्या खोलीत, खडखडत्या पंख्याखाली बसत होती. वानखडेबाई. अमरावतीकडच्या, वनस्पतिशास्त्र शिकलेल्या, लग्नानंतर पुण्यात आलेल्या आणि पंचवीस वर्षे पुण्यात काढून आपली वऱ्हाडी बोली जशीच्या तशी राखलेल्या. त्यांच्यापाशी एक जुना सूक्ष्मदर्शक होता आणि तपकिरी बाटलीत आयोडीन. कुठलीही भुकटी काचपट्टीवर घेऊन त्या ती कशाची आहे ते सांगत. पानाची असेल तर कोणत्या पानाची, आणि लाकडाची असेल तर त्यात वखारीतला भुसा किती. त्यांच्याएवढी नजर मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही. त्या काळात असे मोठ्याने म्हणायची मला सवय नव्हती.

नमुने वाढले, तशी घाई वाढली. माझ्या हाताखालच्या तपासणीच्या छापील तक्त्यात नऊ रकाने होते. ओलावा, राख, जड धातू, जंतू वगैरे. त्यांतला चौथा ‘सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी’. एका काचपट्टीला बाई तास लावत. यंत्र तेवढ्यात तीन नमुने संपवी. मी चौथ्या रकान्यापुढे ‘आवश्यक वाटल्यास’ हे दोन शब्द छापून घेतले. हे माझे स्वतःचे काम आहे. त्याचे श्रेय स्मरणिकेने मला दिलेले नाही.

नवा तक्ता पाहून वानखडेबाई माझ्या टेबलाशी आल्या. “सर, हे काय करून राहिले तुम्ही? तक्त्याचा डोळाच काढून टाकला.”

“बाई, डोळा काढला नाही. गरज पडेल तेव्हा उघडायचा, एवढंच.”

“मिटलेल्या डोळ्याले गरज कशी दिसन जी?”

मी हसलो. पुढचा नमुना घेऊन यंत्राच्या खोलीत गेलो.

त्याच सुमारास मुळ्ये वैद्यांचा भाचा सुहास एक पाकीट घेऊन आला. मुळ्ये वैद्यांचे नाव पेठांत सर्वांना ठाऊक होते. मूळचे राजापूरकडचे, चाळीस वर्षे एकाच खोलीत दवाखाना. त्यांच्या औषधांत फणसआळंबे प्रसिद्ध होते. फणसाच्या जुन्या खोडावर खुरासारखी कठीण, तपकिरी बुरशी येते, ती ही. कोकणात ती सहाणेवर उगाळून लहान मुलांना पोटाच्या आणि तोंडाच्या तक्रारींवर देतात. वैद्य ती मधुमेहाच्या रोग्यांना पथ्याबरोबर देत. सुहासने नोकरी सोडून मामांच्या नावाने कंपनी काढली होती. आळंबे उगाळायला वेळ कोणाला आहे, असे म्हणून त्याने ते शहराबाहेरच्या एका गिरणीत दळून पुड्यांत भरायला घेतले. पुडीवर मामांचा फोटो होता.

आम्ही पुडी तपासली. ओलावा ठीक, राख ठीक, जड धातू मर्यादेत, जंतू मर्यादेत. फणसआळंब्याचा अस्सल तुकडा शेजारी ठेवून यंत्राला विचारले, “हे ते आहे का?” यंत्र म्हणाले, आहे. चौथ्या रकान्यात मी आडवी रेघ मारली. खाली सही केली. दाखल्याच्या तळाशी सर्वच प्रयोगशाळांच्या दाखल्यांवर असते तसे छापील वाक्य होते : ‘सदर निष्कर्ष केवळ सादर केलेल्या नमुन्यापुरता मर्यादित आहे.’

पाच-सहा महिने गेले. एका सकाळी दहा वाजता स्वतः मुळ्ये वैद्य आमच्या जिन्याने वर आले. धोतर, कोट, काळी टोपी. वय पंचाहत्तरीच्या पुढे. बरोबर त्यांचा तिशीतला एक तरुण रोगी, गळ्यात कंपनीची पट्टी. वैद्यांनी पिशवीतून पाच पुड्या आणि माझा दाखला काढून टेबलावर मांडला.

“बापट आपणच ना? ही आपली सही?”

“माझीच.”

“मग हे पुन्हा तपासायचं आहे.”

मी दाखला न वाचता म्हणालो, “अहो वैद्यबुवा, आम्ही सगळं योग्य असल्याचं लिहून दिलं आहे. आता आणखी काय हवं?”

“आपला दाखला मी दोनदा वाचला. त्यात सगळं बरोबर आहे. आणि या मुलाला जेवणाआधी दरदरून घाम फुटतो.”

तो तरुण अवघडून हसला. त्याचे नाव नीलेश. राहायला वारज्याला, नोकरी एका सॉफ्टवेअर कंपनीत. “सर, काका उगाच टेन्शन घेतायत. माझी शुगर एकदम कंट्रोलमध्ये आलीये. हा बघा ना रिपोर्ट. प्रॉडक्ट बेस्ट आहे. परवा लिफ्टमध्ये जरा गरगरलं, दॅट्स इट. लंच लेट झालं होतं.”

“जरा गरगरलं म्हणजे हा लिफ्टमध्ये खाली बसला,” वैद्य म्हणाले. “दोघांनी धरून बाहेर आणला. रोज वारज्याहून महामार्गाने मोटारसायकलवर जातो. लिफ्टमध्ये बसला म्हणून आज आपल्यासमोर उभा आहे.”

“पण साखर उतरली म्हणजे औषध लागू पडलं,” मी म्हणालो. “आपल्याला तर आनंद व्हायला हवा.”

तेव्हा मुळ्ये वैद्य जे म्हणाले ते वाक्य मी माझ्या नोकरीत ऐकलेले सर्वोत्तम वाक्य समजतो. ते माझ्याकडे सरळ बघून म्हणाले, “अहो बापट, माझं औषध इतकं चांगलं नाही.”

ते पुढे बोलले, “चाळीस वर्षं मी हे देतो आहे. त्याने साखर उतरली तर हळू उतरते, थोडी उतरते, आणि पथ्य पाळलं तरच. पुष्कळांची उतरतच नाही. त्यांना मी सांगतो, डॉक्टरांची गोळी चालू ठेवा. हा मुलगा दुपारी पिझ्झा खातो—”

“कधीतरी, काका!”

“—कधीतरी पिझ्झा खातो, आणि तीन आठवड्यांत साखर निम्म्यावर येते. हा गुण माझ्या आळंब्याचा नाही. मग कोणाचा आहे, ते मला सांगा.”

आपल्या मालाची तक्रार घेऊन येणारी माणसे मी खूप पाहिली. आपला माल फार चांगला आहे, अशी तक्रार घेऊन आलेला हा एकमेव माणूस. बाहेर मोठमोठ्या जाहिराती सुरू होत्या, प्रत्येक भुकटी चमत्कार करत होती. आणि इथे ज्याचा फोटो पुडीवर होता तो मनुष्य चमत्कार नाकारायला जिना चढून आला होता.

मी पुड्या वानखडेबाईंकडे घेऊन गेलो. त्या तक्त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. चिमूटभर भुकटी काचपट्टीवर घेतली, पाहिली, मग तपकिरी बाटलीतला एक थेंब सोडला. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “सर, या तुम्ही. पाहा.”

तपकिरी धाग्यांच्या गुंत्यात निळे-काळे ठिपके विखुरलेले होते.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पिष्ट म्हणजे स्टार्च हे आयोडीनने निळे-काळे होते. ते धान्यात असते, बटाट्यात असते, बहुतेक झाडापाल्यात थोडेबहुत असते. बुरशीत ते नसते. आळंबे कितीही जुने असो, त्यात पिष्टाचा कण सापडत नाही.

“बुरशीत हे कुठून आलं जी?” बाई म्हणाल्या.

“गिरणीत आधी पीठ दळलं असेल. किंवा वजन वाढवायला कणीक घातली असेल.”

“कणीक असती तं मोठे, चपटे कण दिसले असते. हे पाहा, कोनाकोनाचे कण. मधात चांदणीसारखी भेग. हा मका होय. अन् वजन वाढवायचं तं लोक मूठभर घालतात. हे चिमटीभर आहे. सर, मक्याचं पिष्ट इतकं थोडं कशात असते?”

मला उत्तर माहीत होते. औषधाच्या गोळीत. गोळी बांधून राहावी म्हणून तिच्यात मक्याचे पिष्ट घालतात.

तेवढ्यात मला माझे छापील वाक्य आठवले आणि बरे वाटले. मी म्हणालो, “म्हणजे सुहासने आपल्याला चांगला नमुना दिला आणि विकला दुसराच. आपला निष्कर्ष सादर केलेल्या नमुन्यापुरता होता.”

वानखडेबाई उठल्या. आम्ही तपासलेल्या प्रत्येक नमुन्याचा थोडा भाग सीलबंद करून कपाटात राखून ठेवण्याची पद्धत आहे. त्यांनी सुहासच्या त्या पहिल्या नमुन्याची बाटली आणली, माझ्यासमोर सील फोडले, नवी काचपट्टी घेतली आणि थेंब सोडला. या वेळी त्यांनी आधी पाहिले नाही. खुर्ची मागे सरकवून मला जागा दिली.

निळे-काळे ठिपके होते. तेच कोन, तीच चांदणी.

मी ज्याला योग्य म्हणून सही केली होती, त्याच नमुन्यात ते होते. यंत्राने ते दाखवले नव्हते, कारण मी विचारले नव्हते. आणि बाईंनी ते पाहिले नव्हते, कारण मी पाहू दिले नव्हते. एक थेंब आणि एक तास. एवढ्यासाठी वारज्याचा एक मुलगा रोज महामार्गावरून घाम पुसत जात होता.

यंत्राचे श्रेय इथे सुरू होते, आणि ते मी पूर्ण देतो. मधुमेहावरची रोजच्या वापरातली एक गोळी आम्ही समोरच्या औषधांच्या दुकानातून आणली, यंत्राला दाखवली आणि विचारले, “हे यात आहे का?” दुपारी आलेखावर दोन शिखरे एकावर एक तंतोतंत बसली. यंत्राला योग्य प्रश्न विचारला गेला. तो वानखडेबाईंच्या आयोडीनने विचारला. त्यांचे नाव स्मरणिकेत कुठेही नाही. गणपतीच्या सजावटीच्या छायाचित्राखाली ‘महिला कर्मचारी’ असे आहे, त्यांत त्या डावीकडून तिसऱ्या.

वैद्य दिवसभर बाकावर बसून होते. नीलेशला त्यांनी त्याच सकाळी आधी केळे खायला लावून डॉक्टरांकडे पाठवले होते. पुड्या बंद, मोटारसायकल बंद, अशी ताकीद देऊन. मी त्यांना आलेख दाखवला. त्यांनी विचारले, “गोळी वाईट आहे का?”

“नाही. गोळी उत्तम आहे. डॉक्टर मापून देतात, रक्त तपासत राहतात. इथे पुडीत किती पडली याला माप नाही. कोणाच्या पुडीत अर्धी, कोणाच्या दोन. साखर नको इतकी खाली गेली की घाम फुटतो, चक्कर येते. शिवाय ज्यांची डॉक्टरांची गोळी आधीच चालू आहे, त्यांना दुप्पट.”

त्यांनी डोळे मिटले. “त्यांना गोळी चालू ठेवा असं मीच सांगितलं आहे.”

सुहासला बोलावले. तो आला तेव्हा मी खोलीत होतो, म्हणून हे मी ऐकीव सांगत नाही. त्याने नाकारले नाही. गिरणीवाल्याचे नाव पुढे केले, आणि मग म्हणाला, “मामा, लोकांना रिझल्ट हवा असतो. तुमच्या आळंब्याने तीन महिने थांबायला आता कोणाला वेळ नाही. मी तुमचं नाव मोठं केलं.”

“माझं नाव?” वैद्य म्हणाले. “माझं नाव इतकं मोठं नव्हतं, सुहास. ते माझ्या मापाचं होतं.”

त्यानंतर ते त्याच्याशी बोलले नाहीत, माझ्याशी बोलले. संबंधित सरकारी खात्याला अहवाल पाठवा, पूर्ण पाठवा, माझ्या नावासकट पाठवा, असे म्हणाले. तो मी पाठवला. पण त्यांना दुसरीच काळजी होती. पुड्या किती घरांत गेल्या होत्या त्याची यादी नव्हती. दुकानांतून परस्पर विकल्या गेल्या होत्या. कात्रजला होत्या, हडपसरला होत्या. त्या माणसांना कळवायचे कसे? वैद्यांनी एक पुठ्ठा मागितला. आमच्याकडे यंत्राच्या खोक्याचा पुठ्ठा होता. त्यावर त्यांनी बोरूने, सावकाश, वळणदार अक्षरात लिहिले :

‘माझ्या नावाने विकल्या जाणाऱ्या फणसआळंब्याच्या पुडीत भेसळ आढळली आहे. पुडी घेणे आज बंद करावे. आजच आपल्या डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्यावे. चक्कर, घाम, थरथर असल्यास आधी साखर खावी, मग डॉक्टरांकडे जावे. उरलेल्या पुड्या येथे परत आणून द्याव्यात. — मुळ्ये वैद्य.’

मी वाचले आणि म्हणालो, “तपासणी आपणच मागितलीत, ते लिहा.”

“कशाला?”

“नाहीतर लोकांना वाटेल, तुम्ही पकडले गेलात.”

“अहो बापट, घाबरलेला माणूस दारात उभा असणार. त्याला आधी माझं कौतुक वाचायला लावू?”

मग मी, जी गोष्ट सकाळपासून मनात घोळत होती, ती विचारली. “आणि आमच्या पहिल्या दाखल्याचं काय लिहिणार?”

त्यांनी बोरू पुसला. “तुमचा दाखला वाचून कोणी पुडी घेतली नाही. माझं नाव वाचून घेतली.”

पुठ्ठा दवाखान्याच्या दारावर लागला. त्याच्या प्रती दुकानांत गेल्या. एका वर्तमानपत्राने पुठ्ठ्याचा फोटो छापला आणि वर मथळा दिला, वैद्याच्या औषधात भेसळ. बातमी खोटी नव्हती. पुढे लोकांच्या तोंडी ती ‘वैद्याने भेसळ केली’ अशी झाली, मग ‘वैद्य पकडला गेला’ अशी, आणि अखेर स्मरणिकेत ‘भोंदू वैद्याला पकडले’ अशी छापली गेली. पुरावा म्हणून तोच फोटो शेजारी आहे. म्हणजे ज्या पुठ्ठ्यावर त्या गृहस्थाने स्वतःचे नाव पणाला लावून अनोळखी माणसांना सावध केले, तोच पुठ्ठा त्याच्याविरुद्ध साक्षीला उभा केला आहे. आमच्याच खोक्याचा पुठ्ठा.

पुड्या परत येत राहिल्या. नीलेश सुधारला, डॉक्टरांच्या औषधावर राहिला, दर महिन्याला वैद्यांकडे येऊन पथ्याबद्दल बोलणी खात राहिला. एकदा मला जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, “सर, काका फुल टाइम ओरडतात. पण खरं सांगू? तेवढा एकच माणूस मला सांगतो, की हे औषध पुरेसं नाही.” वैद्यांकडची गर्दी मात्र ओसरली. ते रोज दहाला दवाखाना उघडत आणि एकला बंद करत. भुकटी त्यांनी पुन्हा कोणाला दिली नाही. आळंब्याचा अख्खा तुकडा देत आणि सांगत, “घरी सहाणेवर स्वतः उगाळा. दहा वळसे. उगाळणाऱ्याला दिसतं आपण काय उगाळतो आहोत ते.” आणि दर वर्षी कोकणातून माल आला की त्यातला एक तुकडा आमच्याकडे तपासायला आणत. वानखडेबाईंच्या टेबलाशी उभे राहत. बाई म्हणत, “वैद्यबुवा, अख्ख्या तुकड्यात कोण काय घालते जी?” ते म्हणत, “तरी एक थेंब टाका बाई.” थेंब तपकिरीच राहायचा. मग ते टोपी सारखी करून जायचे.

चौथ्या रकान्यापुढचे माझे ते दोन शब्द मी दुसऱ्याच दिवशी काढून टाकले होते. सध्याच्या तक्त्यात तो रकाना आहे की नाही, हे मी दोनदा विचारूनही मला सांगण्यात आलेले नाही.

वैद्य जाऊन आता बरीच वर्षे झाली. शेवटच्या आजारात मी त्यांना भेटायला गेलो होतो. म्हणालो, “एकदा सगळं लिहून काढतो. तुमच्या पुठ्ठ्यावर दोन गोष्टी राहून गेल्या आहेत.”

“राहून नाही गेल्या,” ते म्हणाले. “जागा नव्हती.”

इथे जागा आहे. तपासणी मुळ्ये वैद्यांनी स्वतः मागितली होती. आणि तीच भेसळ असलेली भुकटी त्याआधी सहा महिने योग्य ठरवून, चौथ्या रकान्यात रेघ मारून, सही केली होती ती मी. वैद्यांच्या हयातीत हे जाहीरपणे म्हणायला मला पुरेशी संधी होती. मी ती घेतली नाही. ते मोठ्या मनाने गप्प राहिले, आणि त्यांचे ते मौन मी सोयीने वापरले.

आता संपादकांना एक विनंती. आयुष्यभर मी जे जे लिहून दिले, त्या प्रत्येक कागदाच्या तळाशी ते एक वाक्य छापलेले असे, की निष्कर्ष केवळ सादर केलेल्या नमुन्यापुरता मर्यादित आहे. त्या वाक्यामागे मी पुष्कळदा उभा राहिलो. या मजकुराखाली ते छापू नये. फक्त माझे नाव छापावे.

— बापट